काळ्या वाळूतला पांढरा रंग

मालवणच्या बंदरात उभं राहून होड्यांचे रंग पाहिले तर निळा, हिरवा, तांबडा, पिवळा असे सगळे सापडतात. अंगभर पांढरी होडी मात्र शोधावी लागते. आमचा गाबीत बांधव रंगाच्या बाबतीत कंजुषी करत नाही. नाव आपली, कर्ज आपलं, मग रंगही आपल्या आवडीचा. आता चिपीच्या सड्यावर जाऊन पाहा. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी तिथला विमानतळ सुरू झाला आणि मुंबईहून आलेलं पहिलं प्रवासी विमान उतरलं, ते पांढरं. शेजारी मोपाला जा, दाबोळीला जा, मुंबईला जा. शेपटीवर कुणाचा मोर असेल, कुणाचं चक्र असेल, पण अंग बहुतेकांचं पांढरंच. हे असं का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलेला होता. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. रसायनशास्त्राची आणि माझी ताटातूट शाळेतच झाली. तरी या पांढऱ्या रंगाचा माग काढत गेलो आणि तो माग हिंडून फिरून आमच्याच किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूपाशी आला. ती हकिकत आज सांगायची आहे.

सुरुवात विमानापासून नको, जहाजापासून करू या. अरबी समुद्रातल्या जुन्या लाकडी गलबतांच्या पाण्याखालच्या भागाला चुना आणि चरबी यांचा लेप देत असत. तो शोभेसाठी नव्हता. लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून तळ वाचवायचा, एवढाच हेतू. आमच्याकडे काजूच्या टरफलांचं तेल लावत, तेही त्याचसाठी. म्हणजे नौकेच्या अंगावर काय लावायचं हे आधी समुद्राने ठरवलं, माणसाच्या हौसेने नंतर.

मग आगबोटी आल्या. कोळशाची राख आणि काजळी अंगावर घेणाऱ्या बोटींना काळा रंग सोयीचा, आणि बहुतेक बोटी काळ्याच होत्या. १९३१ साली पी. अँड ओ. कंपनीने इंग्लंडहून मुंबईमार्गे ऑस्ट्रेलियाला जाणारी ‘स्ट्रॅथनेव्हर’ ही बोट आणली आणि पुढच्याच वर्षी तिची बहीण ‘स्ट्रॅथएअर्ड’. या दोघी पांढऱ्या होत्या. लोक त्यांना गोऱ्या बहिणीच म्हणू लागले. तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र ओलांडताना लोखंडी बोटीच्या पोटात काय उकाडा होतो, हे त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या खलाशांना कुणी सांगायला नको होतं. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. किनाऱ्यावरच्या अनेक मुसलमान घरांतून एक तरी माणूस बोटीवर असायचा. आमचे आजोबाही होते. बोट किती लांब, किती उंच, हे ते कधी सांगत नसत. डेकच्या लोखंडावर अनवाणी पाय ठेवता येत नसे, एवढंच त्यांना आठवायचं. पांढऱ्या बोटीवर मात्र रंग काढण्याचं काम कधी संपत नाही, असंही म्हणायचे. एका टोकापर्यंत रंगवत जावं, तोवर दुसऱ्या टोकाला तांबेरा फुटलेला.

विमानांचा आरंभ मात्र पांढऱ्या रंगाने झाला नाही. पहिली विमानं लाकूड आणि कापडाची. कापड ताठ राहावं म्हणून त्यावर रोगण चढवत, आणि उन्हाने ते कुजू नये म्हणून त्या रोगणात ॲल्युमिनियमची पूड मिसळत. म्हणून ती चंदेरी दिसत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूच्या धावपट्टीवर उतरले, ते एका इंजिनाच्या ‘पुस मॉथ’ विमानातून. आपल्या देशातल्या नियमित हवाई वाहतुकीची सुरुवात ती.

पुढे विमानाचं अंग धातूचं झालं. ॲल्युमिनियमचा पत्रा घासूनपुसून लख्ख ठेवला की रंगाची गरजच काय? अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्या आपल्या चंदेरी ताफ्याचा अभिमान मिरवत. रंगाचं वजन वाचतं, तेवढं इंधन वाचतं. हे वजन थोडंथोडकं नसतं. जंबो जेट म्हणजे बोइंग ७४७ सारख्या विमानाला नखशिखांत रंगवायचं तर अंगावर अडीचशे किलोहून अधिक रंग चढतो. म्हणजे तीन-चार माणसं फुकट प्रवास करताहेत, तेही जन्मभर.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. तो काळ उघड्या धातूचा. पण त्या दशकात आणि पुढच्या दशकात जगभर एक बदल दिसू लागला. विमानाचं पोट चंदेरीच राहिलं, पण छताला पांढरा रंग आला. छतालाच का? कारण विमान तळपतं ते आकाशात नव्हे, जमिनीवर. पस्तीस हजार फुटांवर बाहेरची हवा शून्याखाली पन्नास अंश असते. तिथे उकाड्याची चिंता नाही. खरी परीक्षा धावपट्टीवर. मुंबई, कराची, कैरो इथल्या भर दुपारच्या उन्हात विमान उभं राहिलं की आतली हवा भट्टीसारखी होते. चकचकीत धातू आरशासारखा दिसतो, म्हणून तो गार राहत असेल असं वाटतं. पण उन्हात ठेवलेल्या स्टीलच्या पेल्याला हात लावून पाहा. धातू ऊन परतवतो खरा, पण जेवढं पोटात घेतो तेवढं सहजासहजी सोडत नाही. पांढरा रंग ऊनही परतवतो आणि तापलाच तर ती उष्णता बाहेर टाकायलाही तयार असतो. चिऱ्याच्या घराला बाहेरून चुना काढणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांना हे पुस्तक न वाचता कळलेलं होतं.

चुन्याची एक खोड मात्र तुम्ही पाहिली असेल. मृगाचा पाऊस लागला की चुन्याची पांढरी भिंत करडी दिसू लागते, मागचा चिरा आतून डोकावतो. ऊन पडलं की पुन्हा पांढरी. यात भिंतीचा दोष नाही. पांढरा रंग पांढरा दिसतो तो त्याच्या कणांमुळे प्रकाश वळतो, विखुरतो म्हणून. चुन्याचे कण प्रकाशाला फारसं वळवत नाहीत. मध्ये हवेऐवजी पाणी शिरलं की तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे भिंत पारदर्शक होते. विमानाला असला चुना चालणार नाही, त्याला भिजूनही पांढरा राहणारा रंग हवा. तो कुठून आला, ते पुढे सांगतो.

तर छत पांढरं झालं. हळूहळू तो पांढरा रंग खिडक्यांच्या खाली उतरला आणि १९७० च्या दशकात बऱ्याच कंपन्यांची विमानं संपूर्ण पांढरी होऊ लागली. एअर फ्रान्सने १९७६ साली तेच केलं. याच्या उलट वाट धरणारेही निघाले. अमेरिकेतल्या ब्रॅनिफ कंपनीने १९६५ मध्ये आपली विमानं निळ्या, पिवळ्या, नारिंगी अशा एकेका भडक रंगात रंगवून काढली. ती पाहून आमच्या बंदरातल्या लोकांना खचितच आनंद झाला असता. पण ती कंपनी १९८२ साली बंद पडली. रंगामुळे बंद पडली असं नव्हे, हे लगेच सांगून टाकतो.

पांढऱ्या रंगाच्या बाजूने बोलणारं सर्वांत मोठं कारण मला वाटतं खारा वारा आणि भेगा. किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे समजावावं लागत नाही. आमच्या खिडकीचे गज, सायकलची चेन, रेडिओची स्प्रिंग हे सगळं हा वारा खातो. ॲल्युमिनियमही सुटत नाही. त्याच्यावर पांढरट भुकटी येते. रंगाचा थर हा या वाऱ्याविरुद्धचा अंगरखा. आणि तो पांढरा असेल तर त्याच्यावर आलेली बारीक भेग, तेलाचा ओघळ, रिव्हेटच्या भोवतीचा काळा डाग लांबूनही दिसतो. काळ्या-निळ्या रंगावर तो लपतो.

२८ एप्रिल १९८८ ची हवाई बेटांवरची गोष्ट आहे. अलोहा एअरलाइन्सचं एक बोइंग ७३७ बेटाबेटांमधून छोट्या छोट्या फेऱ्या मारायचं. खाऱ्या हवेत उठायचं, खाऱ्या हवेत उतरायचं, अशा जवळजवळ नव्वद हजार फेऱ्या. त्या दिवशी चोवीस हजार फुटांवर त्याच्या पुढच्या भागाचं छत सोलल्यासारखं उडून गेलं. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, ती सापडली नाही. वैमानिकाने छप्पर नसलेलं विमान उतरवलं आणि बाकी सगळे वाचले. चौकशीत निष्पन्न झालं ते असं, की खारवलेले सांधे आणि थकलेला धातू. आणि एक गोष्ट वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ पत्र्यात एक भेग दिसली होती. तिने ती पाहिली आणि कुणाला काही न बोलता आत जाऊन बसली. आपण असतो तर बोललो असतो का? एवढ्या मोठ्या विमानाला आपण काय सांगणार, असंच आपल्यालाही वाटलं असतं.

पैशाचं कारण थोडक्यात आटोपतो, कारण त्यात रस कमी आणि हिशेब जास्त. उंचावर अतिनील किरण प्रखर असतात. त्यात लाल, निळे रंग विटतात, पांढऱ्याचं फारसं बिघडत नाही. शिवाय आजची पुष्कळशी विमानं कंपन्यांच्या मालकीची नसतातच, भाड्याने घेतलेली असतात. भाड्याच्या घराला कुणी जांभळा रंग देत नाही. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली. मालकांनी विमानं परत नेली, नाव-निशाण पुसलं आणि दुसऱ्या देशात दुसऱ्या नावाने ती उडू लागली. मुळात अंग पांढरं असलं की हे काम स्वस्तात होतं. आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीचं नावच इंडिगो, म्हणजे नीळ. पण तिचीही विमानं बरीचशी पांढरी, निळीचा हात खाली पोटाला आणि शेपटीला. धुण्याच्या शेवटच्या पाण्यात आई निळीची पुरचुंडी फिरवायची ती कपडे निळे व्हावेत म्हणून नव्हे, पांढरे दिसावेत म्हणून. इंडिगोचं विमान पाहिलं की मला नेमकं ते आठवतं.

पांढऱ्या रंगावाचून ज्याचं खरोखर चाललंच नसतं असं विमान म्हणजे काँकॉर्ड. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाताना हवेच्या घर्षणानेच त्याचं नाक सव्वाशे अंशांपर्यंत तापायचं आणि सगळं विमान वीतभर लांब व्हायचं. म्हणून त्याला खास परावर्तक पांढरा रंग दिलेला होता. १९९६ साली पेप्सीने जाहिरातीसाठी एक काँकॉर्ड निळं रंगवून घेतलं. पंख मात्र पांढरेच ठेवावे लागले, कारण त्यात इंधन होतं. आणि तेवढ्या निळ्या रंगापायी पूर्ण वेगाने जास्तीत जास्त वीसेक मिनिटंच उडा, अशी ताकीद वैमानिकांना मिळाली. आपल्या एअर इंडियानेही कधी काळी दोन काँकॉर्डसाठी नाव नोंदवलं होतं, पण १९७५ साली तो बेत सोडून दिला.

नवी विमानं आता धातूचीही राहिली नाहीत. कार्बनच्या तंतूंवर राळ चढवून त्यांचं अंग बनतं. एअर इंडियाकडे २०१२ साली आलेलं ड्रीमलायनर वजनाने निम्मं अशा पदार्थाचं आहे. चिपीला पहिल्या दिवशी आलेलं विमान एटीआर जातीचं. त्याच्याही पंखांचा बाहेरचा भाग कार्बन तंतूंचा. हे घासून चकचकीत करता येत नाही, त्याला रंग लागतोच. चंदेरी राहण्याचा हट्ट धरणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सलाही २०१३ मध्ये रंगाची बादली उघडावी लागली. इंजिनाशिवाय तरंगणारी ग्लायडर विमानं तर जवळजवळ सगळी पांढरी असतात, कारण उन्हात राळ फार तापली तर मऊ पडते.

आता या सगळ्यात कवीचं काय? आम्ही पांढऱ्या रंगाला केवढे अर्थ चिकटवून ठेवलेत. माझ्या घरात इहराम पांढरा आणि कफनही पांढरं. शेजारच्या काकूंचं पातळ काका गेल्यावर पांढरं झालं. शाळेच्या झेंड्याच्या मधल्या पट्ट्याचा अर्थ गुरुजी दर पंधरा ऑगस्टला सांगायचे. विमानाच्या पांढऱ्याला यातला एकही अर्थ नाही. आणि अर्थ नसलेला रंग माणसाला फार दिवस सहन होत नाही, हेही तितकंच खरं. १९७१ मध्ये एअर इंडियाने आपल्या जंबो जेटच्या पांढऱ्या अंगावर प्रत्येक खिडकीभोवती तांबडा झरोका काढला. लोखंडी नळकांड्याला राजवाडा करून टाकणारी ती कल्पना मला आजही आवडते. १९८९ मध्ये परदेशी सल्लागारांच्या म्हणण्यावरून ते झरोके काढले. लोकांना ते मुळीच रुचलं नाही आणि थोड्याच वर्षांत झरोके परत आले. २०२२ च्या जानेवारीत कंपनी पुन्हा टाटांकडे गेली आणि २०२३ साली तिने नवा पोशाख जाहीर केला. त्यात खिडकीच्या चौकटीची आठवण आहे, पण झरोके नाहीत. अंग अर्थातच पांढरं.

आता तो भिजूनही पांढरा राहणारा रंग. जुन्या काळी रंगाऱ्यांकडे शिशाचा सफेदा असायचा. उत्तम झाकणारा, आणि विषारी. तो घोटणाऱ्यांची पोटं दुखायची, मनगटं लुळी पडायची. १९२१ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिशाच्या सफेद्यासाठी वेगळा करार केला. घराच्या आतल्या रंगकामात तो वापरू नये आणि बायकांना व अठरा वर्षांखालच्या मुलांना त्या कामावर लावू नये, असं त्यात ठरलं. त्याच सुमाराला त्याची जागा घेणारा रंग तयार झालेला होता. १९१६ च्या आसपास अमेरिकेत आणि नॉर्वेमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड कारखान्यातून बाहेर पडू लागलं. हिऱ्याहूनही जास्त प्रकाश वळवणारी ही पूड. तिचे कण पावसात भिजले तरी पारदर्शक होत नाहीत. आज विमानाचा पांढरा तोच. घराच्या भिंतीचा, टूथपेस्टचा, औषधाच्या गोळीवरच्या वेष्टनाचा पांढरेपणाही बहुधा त्याचाच. खाण्याच्या पदार्थांत मात्र युरोपने २०२२ पासून त्याला बंदी केली.

ही पूड ज्यातून निघते ते खनिज काळं आहे. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याने एका ओढ्यातली काळी वाळू घरी आणून तपासली आणि त्याला त्यात एक नवंच मूलद्रव्य आढळलं. तेच टायटॅनियम. त्या काळ्या खनिजाचं नाव इल्मेनाइट. आणि ते आमच्या कोकण किनाऱ्यावर आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण झिजतो, नद्या तो कण कण करून खाली आणतात, आणि लाटा त्यातलं हलकं वाहून नेऊन जड तेवढं किनाऱ्यावर ठेवतात. रत्नागिरीत एका किनाऱ्याला काळा समुद्र म्हणतात आणि दुसऱ्याला पांढरा समुद्र, ते या वाळूवरूनच. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात रत्नागिरीजवळ समुद्राच्या तळाशी असलेले हे साठे तपासले होते. विजयदुर्गाच्या बाजूलाही ही वाळू आहे. मालवणकडची वाळू गोरी, पण पावसाळ्यानंतर लाटेच्या रेषेवर तिच्यात काळे पट्टे उमटतात. लहानपणी मोडक्या रेडिओतलं लोहचुंबक आम्ही त्यातून फिरवायचो. काही दाणे चिकटायचे, पुष्कळसे चिकटायचे नाहीत. हे न चिकटणारे म्हणजेच बहुधा ते. कागदात बांधून घरी न्यायला लागलो की रापण ओढणारा एखादा म्हातारा हटकायचा, “ही काळी वाळू कित्याक व्हयी तुका?”

केरळात कित्याक व्हयी हे फार पूर्वीच ठरलं. चवरा भागातली काळी वाळू देशातल्या सर्वांत श्रीमंत वाळूंपैकी एक. तिथे ती काढतात, तिथेच तिचा पांढरा रंग होतो, हजारो माणसांना त्यावर रोजगार मिळतो. तिथल्याच आलप्पाड गावातले लोक २०१८ च्या अखेरीला उपोषणाला बसले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कालवा आणि मधली जमिनीची पट्टी खाणकामाने अरुंद होत चालली, हे त्यांचं गाऱ्हाणं. ते रंगाविरुद्ध नव्हते. आपल्या घराखालची वाळू जाते आहे, एवढंच सांगत होते. खाण आणि गाव यांचं भांडण आम्हालाही नवीन नाही. रेडीच्या लोखंडाच्या खाणी आम्ही पाहिल्या आहेत, कळण्याचं आंदोलन पाहिलं आहे, आणि दोन्हीकडे आमचीच माणसं उभी असलेलीही पाहिली आहेत.

माझं मत विचाराल तर वाळू जिथे आहे तिथे राहू द्यावी. हे मत सोयीचं आहे, हे मला ठाऊक आहे. रंग दुसऱ्याच्या किनाऱ्यावरून येतो आणि विमान आमच्या सड्यावर उतरतं. गावातली पोरं आखातात जातात ती आता मोपाहून जातात, एका रात्रीत पोचतात. आजोबांना बोटीने जायला आठवडा लागायचा. त्या पोरांतला एक तिकडे विमानं रंगवण्याच्या कारखान्यात लागला आहे. जुना रंग खरवडायचा, पत्रा धुवायचा, अस्तर द्यायचं आणि मग पांढरा मारायचा, हे त्याचं काम. फोनवर म्हणाला, “काका, पांढरा मारायला सगळ्यात कठीण. सगळं दिसतं त्याच्यावर.” सुट्टीत आला तेव्हा मी त्याला किनाऱ्यावर नेऊन वाळूतला काळा पट्टा दाखवला आणि तुझा रंग यातूनच होतो म्हणून सांगितलं. त्याने चप्पल काढून पायाने ती वाळू उकरली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “किलोला काय भाव?”